काटा खाली येईपर्यंत

नागपूर
९ सप्टेंबर २००२

प्रिय अनु,

तुझा फोन आल्याचं शेजारच्या यशवंतरावांनी सांगितलं. बिचारे निरोप घेतात, पण मला पाटीवर लिहून दाखवताना अर्धा गाळून टाकतात. आज लिहिलं, 'अनुश्री ठीक. रायपूर गरम.' एवढंच बोललीस का गं? माझे कान गेलेच आहेत, त्यात आता पायाला प्लास्टर. न्हाणीघरात घसरलो. तेव्हा फोनचा नाद सोड आणि काकाला पत्र लिहीत जा.

एक काम आहे. तिकडे गुढियारीत, रेल्वेलाईनच्या पलीकडे, धान्याच्या एका गोदामाच्या वरच्या हॉलमध्ये रेडिओचं संग्रहालय आहे म्हणे. सरकारी नाही. चार निवृत्त माणसं हौसेनं चालवतात, फक्त रविवारी उघडतात. त्यांचा म्होरक्या देवीदास राऊत. रेल्वेच्या वायरलेसमध्ये होता. तो आणि मी एकाच पाऱ्यात, म्हणजे एकाच मोहल्ल्यात, वाढलो. रायपूरला आकाशवाणीचं केंद्र यायच्या कितीतरी आधी आम्ही दोघांनी त्याच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत एक ट्रान्समीटर बांधला होता. महायुद्ध संपल्यावर लष्कराचं सामान भंगारात विकायला आलं होतं, त्यातून. रीतसर लायसन काढून. पुढे मला प्रसारण केंद्रात इंजिनियरची नोकरी लागली, मी बाहेर पडलो, तो तिथेच राहिला. पत्रं कमी होत गेली आणि थांबली. भांडण वगैरे काही नाही.

तो ट्रान्समीटर तिथे ठेवलाय असं कळलं. जाऊन बघ आणि मला सगळं बारीकसारीक लिही. माझं नाव आधी सांगू नकोस.

तुझा,
वासूकाका

*

रायपूर
२२ सप्टेंबर २००२

प्रिय काका,

तुमचं नाव मी सांगितलं. राहवलंच नाही. पण आधी क्रमानं सांगते.

खाली हरभऱ्याची पोती, हमाल, ट्रक. त्यांच्यामधून एक अरुंद जिना वर जातो. वर गेल्यावर नाकात धान्याची धूळ आणि कानात एकदम शांतता. दारात पद्मिनीकाकू बसल्या होत्या, देवीदासकाकांच्या बायको. शाळेत शिक्षिका होत्या, त्यामुळे संग्रहालय दाखवतानाही त्या हजेरी घेतात. मी एका सेटला हात लावला तर म्हणाल्या, "पोट्टे, डोयानं पाह्य, हातानं नाही." मग स्वतःच हेडफोन माझ्या कानाला लावला. वीज नाही, बॅटरी नाही, नुसता एक स्फटिकाचा खडा आणि तार, आणि त्यातून आकाशवाणीचं गाणं! काका, मी इंजिनियरिंग कॉलेजात आर्किटेक्चर शिकले, पण हे कधी पाहिलं नव्हतं.

सेट गोळा करणारे तुळशीराम म्हणून आहेत. सदर बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. गावोगावी लग्नाचं कापड पोचवताना कुणाच्या माळ्यावर रेडिओ दिसला की मागून आणतात.

शेवटी तुमचा ट्रान्समीटर. गोदरेजच्या कपाटाएवढा उंच, काळा. देवीदासकाकांनी 'पाहुणी हाय' म्हणून तो माझ्यासाठी चालू केला. आत काचेच्या नळ्यांमध्ये निळा उजेड भरला. खरं सांगते, देवघरात उभी असल्यासारखं वाटलं. मग त्यांनी बंद केला आणि मागचं दार उघडून आतलं तारेचं गुंडाळं दाखवलं. गंमत म्हणजे बंद केल्यावरही समोरच्या गोल मीटरचा काटा वरच राहिला. आम्ही चहा पिऊन आलो तरी तो जेमतेम निम्म्यावर. मी हसले. देवीदासकाका म्हणाले, "म्हातारा झाला तो. खाली यायले येळ लागते, माह्यासारखाच."

इथे मी तुमचं नाव सांगितलं. ते आधीच पुसलेला सेट पुन्हा पुसत राहिले. मग म्हणाले, "वासू? सायब झाला ना तो? आता काहून आठवण आली?" एवढंच.

आता खरी गोष्ट. छत्तीसगडची राजधानी झाल्यापासून इथे जागेला सोन्याचा भाव आलाय. हॉल ज्या ट्रस्टचा आहे त्यांना तो दिवाळीनंतर परत हवाय. सामान कुठे नेणार, यांना ठाऊक नाही. आमचं ऑफिस नव्या राजधानीच्या आराखड्याचं काम करतं हे तुम्हाला माहीत आहेच. त्यात एक संग्रहालय योजलंय. मी आमच्या खात्याच्या सचिवसाहेबांना गाठलं आणि ते बघायला यायला तयार झाले! राज्योत्सवाच्या, म्हणजे राज्याच्या वर्धापनदिनाच्या, आदल्या दिवशी, ३१ ऑक्टोबरला. देवीदासकाका त्यांच्यासमोर ट्रान्समीटर चालवून शेजारच्या दुर्गमधल्या एका हौशी रेडिओवाल्याशी बोलणार आहेत. साहेब खूश झाले तर नव्या शहरात यांना कायमची जागा मिळेल.

तुमच्या पुतणीनं काहीतरी केलं की नाही?

अनु

*

नागपूर
२६ सप्टेंबर २००२

अनु,

पत्र आताच वाचलं. आधी हे वाच, मग बाकीचं.

त्या काट्याची गंमत नाही. तो मीटर खरं सांगतोय.

त्या कपाटात खाली तेलाचे मोठे कंडेन्सर आहेत. विजेच्या टाक्या समज. यंत्र चालू असताना त्या भरतात. बंद केलं की रिकाम्या व्हाव्यात म्हणून त्यांच्यावर एक रेझिस्टर बसवलेला असतो, चिनी मातीची जाड पांढरी नळी. तो टाकीचा निचरा. ती नळी आतून जळाली असेल तर बटण बंद, दिवे बंद, आणि टाक्या मात्र भरलेल्या. दोन हजारांवर व्होल्ट. त्या वेळी आत हात घालणाऱ्याला ओरडायलाही वेळ मिळत नाही. माणसं चालू यंत्राला भितात, बंद यंत्राला भीत नाहीत, म्हणून यात माणसं जातात.

मागचं दार उघडलं की वीज तोडणारी एक कळही आम्ही बसवली होती. पण ती बाहेरून येणारी वीज तोडते. टाक्यांत साठलेल्या विजेला ती काही करत नाही.

देवीदासनं तुला आतलं गुंडाळं दाखवलं म्हणतेस. हातानं दाखवलं की कशानं? तो पहिल्यापासून बंद केल्या केल्या आत हात घालतो. आजवर वाचला असेल तर नळी हल्लीच गेली असेल.

आज, हे पत्र मिळताच जा. त्याला सांग, नळी काढून तपासल्याशिवाय यंत्राला शिवू नको. तू स्वतः काही करायचं नाहीस. दुसऱ्या कुणाला करू द्यायचं नाहीस. उलट टपाली कळव.

वासूकाका

*

रायपूर
४ ऑक्टोबर २००२

प्रिय काका,

तुमचा निरोप देवीदासकाकांना पोचवला. पद्मिनीकाकूही होत्या. ते म्हणाले, बघतो. पांढरी नळी जागेवर आहे, मी लांबून पाहिली, चांगली धडधाकट दिसते.

ऑफिसात राज्योत्सवाची धांदल आहे, त्यामुळे पत्र आखूड. पायाची काळजी घ्या.

अनु

*

नागपूर
९ ऑक्टोबर २००२

प्रिय अनु,

जीव भांड्यात पडला. देवीदास 'बघतो' म्हणाला म्हणजे त्यानं त्याच दिवशी पाहिलं असणार. कामाला हात घातला की तो जेवायलाही उठत नसे. नळी बाहेरून चांगली दिसते याला अर्थ नाही, पण त्याला ते कळतं. त्याच्याइतका सफाईनं तारांना कथिलाचा डाग देणारा माणूस मी सबंध नोकरीत पाहिला नाही.

तो दुर्गशी बोलेल तेव्हा मी इथे पलंगावर पडलेला असेन. ऐकू तर येणारच नाही म्हणा. तरी त्या वेळी घड्याळाकडे बघत बसेन. वेळ कळव. पद्मिनीवहिनींना नमस्कार सांग.

वासूकाका

*

रायपूर
१९ ऑक्टोबर २००२

प्रिय काका,

तुमचं पत्र आल्यापासून मला झोप नाही. मी तुमच्याशी खोटं बोलले नाही, पण खरंही सांगितलं नाही.

तुमचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं तेव्हा तुळशीरामभैयाही तिथे होते. देवीदासकाकांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "झालं? आता माह्यं ऐक. तुह्या काकाले सांग, हे यंत्र चाळीस-पंचेचाळीस वर्सं म्या सांभाळलं. त्यानं नाही. मीटर अडकते. मले माहीत हाय."

मी म्हटलं, "पण एकदा तपासून—"

"काहून? वासू म्हणते म्हणून? तो सायब होऊन आला होता इथं एकदा. जीप, चपराशी, सगळं. माह्या खोलीत उभा राहिला अन् त्या लोकायले म्हणाला, हात नका लावू, भंगार हाय. माह्यासमोर. आपण दोघांनी बांधलं म्हणून नाही सांगितलं त्यानं. आता भंगाराची चिंता पडली त्याले?"

काका, तुम्ही म्हणाला होतात, भांडण वगैरे काही नाही.

पद्मिनीकाकू उठल्या. त्यांनी कप उचलले आणि आत गेल्या.

जिन्यात तुळशीरामभैयांनी मला गाठलं. "दीदी, आपके ऑफिस में मत बोलना. सचिव नहीं आए तो हॉल गया. ये सब सामान सड़क पर आ जाएगा. और देवीदास भैया टूट जाएँगे." मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं, काटा अडकतो की खरा? ते म्हणाले, "मैं तो कपड़ेवाला हूँ."

मी ऑफिसात कुणाला बोलले नाही. बोलले तर सचिव येणार नाहीत, हे नक्की. नाही बोलले तर काय होईल हे नक्की नाही. मी रोज मनात म्हणते, मीटर जुना आहे, अडकतही असेल. तुम्ही तो सेट इतक्या वर्षांत डोळ्यांनी पाहिलेला नाही. तुमचंही चुकू शकतं ना? चुकू शकतं असं एकदा लिहा.

आणि तुम्ही विचारलं होतंत ना, हातानं दाखवलं की कशानं. हातानं. त्यांचं बोट त्या गुंडाळ्यापासून इतकं जवळ होतं की मला आता आठवलं तरी अंगावर काटा येतो.

अनु

*

नागपूर
२३ ऑक्टोबर २००२

श्री. देवीदास राऊत यांस,

चि. अनुश्रीच्या पत्रावरून आपण माझ्या सूचनेकडे दुर्लक्ष केल्याचं समजलं. म्हणून हे थेट लिहीत आहे.

सदर यंत्राचा निचरा-रेझिस्टर निकामी झाल्याची माझी खात्री आहे. तो बदलल्याशिवाय यंत्र चालवू नये, विशेषतः लोकांसमोर. बदलणं शक्य नसल्यास यंत्र बंद करून, मुख्य वीज तोडून, मगच पुढील उपाय करावा: वाळलेल्या बांबूची लांब काठी, टोकाला तांब्याचा आकडा, आकड्याला जाड तार, तारेचं दुसरं टोक जमिनीत पुरलेल्या अर्थिंगच्या नळीला घट्ट बांधलेलं. आधी तार बांधायची, मग काठी उचलायची. एक हात पाठीमागे ठेवायचा. आकडा कंडेन्सरच्या खुंटीला लावायचा आणि मीटर शून्यावर आल्याशिवाय काढायचा नाही. माझं चुकत असेल तर काहीच होणार नाही. माझं बरोबर असेल तर काय होतं ते आपल्याला दिसेल.

मी प्लास्टरमुळे येऊ शकत नाही. भंगारासंबंधी आपण जे म्हणालात ते मला आठवत नाही.

वासुदेव

*

रायपूर
२७ ऑक्टोबर २००२

(पोस्टकार्ड)

वासुदेवराव सायब,

तुमचा हुकूम मिळाला. मी तुमच्या केंद्रातला नोकर नाही. तुमाले आठवत नाही, मले आठवते. यंत्र चालनार. दुर्गवाला तयार हाय. पाय सांभाळा.

देवीदास

*

तार
नागपूर, ३० ऑक्टोबर २००२

सचिवांना सांग. कार्यक्रम थांबव. हॉल गेला तरी चालेल. वासुदेव

*

रायपूर
३ नोव्हेंबर २००२

प्रिय काका,

यशवंतरावांकडे फोन करून 'सगळे जिवंत' एवढाच निरोप दिला होता. तो तरी त्यांनी पुरता लिहिला असेल. आता सगळं सांगते.

तुमची तार ३१ला सकाळी मिळाली. मी तशीच ऑफिसला गेले. सचिवसाहेबांच्या पीएंना म्हटलं, आजचा गुढियारीचा कार्यक्रम रद्द करा, यंत्र धोक्याचं आहे. मी वेडी असल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मैडम, आप ही का प्रोग्राम है. साहब निकल चुके हैं."

मी रिक्षा केली. फाफाडीहच्या रेल्वेफाटकाशी ट्रकांची रांग. उतरले आणि चालत, मग पळत गेले. जिना चढताना वरून टाळ्या ऐकू आल्या. दार ढकललं तर सेट चालू होता. निळा उजेड, तसाच. देवीदासकाकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. माईकमधून ते दुर्गला म्हणत होते, रायपूर बोलतंय, राजधानी रायपूर. आणि स्पीकरमधून खरखरीतून आवाज आला, "आपकी आवाज़ एकदम साफ़ है, दादा." पुन्हा टाळ्या. काका, सचिवसाहेब लहान मुलासारखे हसत होते. त्या क्षणी जागा मिळाल्यातच जमा होती. आणि मला वाटलं, आता मी काही बोलायला नको. झालं ना चांगलं. आता फक्त बंद करतील आणि खाली चहाला जातील.

देवीदासकाकांनी बंद केलं. उजेड विझला. मी काट्याकडे पाहिलं. तो वरच.

साहेबांनी विचारलं, "अंदर से देख सकते हैं?"

"हव, काहून नाही?" म्हणत देवीदासकाकांनी मागचं दार उघडलं. साहेब वाकले. त्यांच्या हातात स्टीलचा पेन होता आणि त्यांनी तो आत नेला, "ये वाला क्या है?" म्हणत.

मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही. मी त्यांची बाही धरून मागे खेचली. पेन खाली पडला, साहेब भिंतीला जाऊन टेकले. सगळा हॉल माझ्याकडे वळला. माझ्याच खात्याचे सचिव, काका, आणि मी त्यांना ओढलं होतं.

"अनुश्री!" देवीदासकाका. "काय करून राहिली? कोनासमोर करून राहिली?" त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. मग ते साहेबांकडे वळले, हिंदीत म्हणाले, "बच्ची है साहब, डरा दिया किसी ने. बंद है. मरा पड़ा है. ये देखिए." आणि त्यांनी स्वतःचा पंजा उघडला आणि आत न्यायला लागले.

"थांबा," असा आवाज आला. मोठा नाही. वर्गात म्हणतात तसा.

पद्मिनीकाकू होत्या. त्यांच्या हातात एक लांब काठी होती. बांबूची, टोकाला तांब्याचा आकडा. आकड्याची तार भिंतीच्या कडेनं खिडकीबाहेर गेली होती. ती तिथे आधीपासून होती, आणि आमच्यापैकी कुणी पाहिली नव्हती. त्यांनी एक हात पाठीमागे घेतला.

"हे काय?" देवीदासकाका म्हणाले. त्यांचा पंजा हवेत तसाच.

काकूंनी त्यांच्या खांद्यावरून काठी आत सरकवली आणि आकडा कंडेन्सरच्या खुंटीला टेकवला.

काका, बंदूक सुटल्यासारखा आवाज झाला. पांढरा लोळ उठला. मी डोळे मिटले तरी तो दिसत राहिला. खाली हमालांनी पोती टाकली, कुणीतरी विचारत होतं काय फुटलं. जळक्या तांब्याचा वास. आणि काटा? एका झटक्यात शून्यावर. अडकला नव्हता तो.

काठीच्या आकड्याचं टोक वितळून गोळी झालं होतं. सगळे ते बघत होते. मी देवीदासकाकांचा हात बघत होते. तो अजून हवेतच होता आणि त्यांना तो खाली घेता येत नव्हता. शेवटी काकूंनी काठी भिंतीला टेकवली आणि त्यांचा हात धरून खाली घेतला.

साहेब चहा न घेता गेले. जाताना माझ्याकडे बघून मान हलवली, रागानं की कशानं कळलं नाही. दुसऱ्या दिवशी टेबलावर कागद होता: वरिष्ठांशी केलेल्या वर्तनाचा खुलासा करावा. मी खुलासा लिहिला. संग्रहालयाच्या प्रस्तावावर 'असुरक्षित' असा शेरा पडलाय. नव्या शहरातली जागा गेली.

तुमचं बरोबर होतं. पण मला आनंद होत नाहीये, तुम्हालाही होणार नाही, माहीत आहे. आज शेजारी दिवाळीचे कंदील लावून राहिलेत. मी दार लावून बसलेय.

अनु

*

रायपूर
२५ नोव्हेंबर २००२

वासू,

सायब लिहीत नाही आता.

तुझं पत्र आलं तवा मी ते वाचून चुरगाळून फेकलं. पद्मिनीनं उचललं. मले बोलली नाही. तिनं तुळशीरामले सांगून बांबू आणवला, तांब्याचा आकडा तांबटाकडून करून घेतला, अर्थिंगच्या नळीले तार बांधली. त्यानंतर जितक्या येळा मी यंत्र चालवलं तितक्या येळा ती माह्यामागं काठी घेऊन उभी होती. अन् मी चहाले वळलो की ती आकडा लावत असे. ठो आवाज व्हायचा तवा मी खाली चहाच्या ठेल्यावर, मले वाटे ट्रकचा टायर फुटला. मी म्हटलं, सांगितलं काहून नाही? तर म्हणाली, "सांगितलं असतं तर तुमी काठी फेकून देल्ली असती." खरं हाय. देल्ली असती.

हॉल रिकामा झाला. खड्याचे सेट, भोंगेवाले, बॅटरीवाले, सगळे ठेल्यावर टाकून सदर बाजारात नेले. तुळशीरामनं दुकानाचा वरचा मजला देल्ला. कापडाचे थान एका अंगाले, रेडिओ एका अंगाले. परवा रविवारी उघडलं. साडी घ्यायले आलेल्या बाया वर येऊन पाहून गेल्या. पद्मिनीनं सगळ्यायच्या कानाले हेडफोन लावला. तुही अनुश्री येते दर रविवारी. मी तिले ओरडलो होतो सगळ्यायसमोर. ती त्यावर एक शब्द बोलत नाही, पाट्या लिहीत बसते.

यंत्र मात्र गुढियारीतच उभं हाय. कोणी हात लावत नाही. ट्रस्टवाले रोज विचारतात, कधी नेता. मी जातो, दार उघडतो, अन् उभा राहतो. काटा शून्यावर हाय, वीज तोडलेली हाय, मले समजते की आत काही नाही. पण माहा हात वर होत नाही. घरात ट्यूबलाइटचं बटण पद्मिनी दाबते. वासू, सारी जिंदगी या हातानं काम केलं. लोक म्हणायचे, देवीदासले तार चावत नाही. आता मले माह्याच हाताचं भेव वाटते.

त्या सायबाचा पेन आत गेला असता तर? मी अजून तितंच थांबून राहिलो हाये. पुढचा विचार होत नाही.

पाय बरा झाला असेल तर येजो. तू म्हणाला होता भंगार हाय, ते मी मनात ठेवलं. ठेवू नये असं पद्मिनी म्हणते. तुले आठवत नसेल तर नसेल. येजो.

देवीदास

*

नागपूर
१ डिसेंबर २००२

देवीदास,

प्लास्टर काल काढलं. पाय वाळक्या फांदीसारखा दिसतो, पण काठी धरून जिना चढता येतो. यशवंतरावांबरोबर करून पाहिलं. गुरुवारच्या गाडीनं येतोय. अनु स्टेशनवर येईल. तुझ्याकडेच उतरीन, हॉटेलचं नाव काढू नकोस.

जीप घेऊन आलो होतो त्या दिवसाचं मी बरेच दिवस आठवून पाहतोय. खोली आठवते, पत्रा तापलेला आठवतो, तू दारात उभा होतास तेही. मी काय बोललो ते आठवत नाही. पण तू ते खोटं रचणार नाहीस, म्हणजे मी बोललोच असेन. आणि मागचं पत्रही मी साहेबासारखंच लिहिलं. 'वासू' म्हणून लिहिलं असतं तर तू ऐकलं असतंस की नाही कोण जाणे. मला वाटतं, ऐकलं असतंस.

यंत्र तसंच उभं राहू दे. ट्रस्टला आणखी आठवडाभर थांबव. नवीन नळी मी इथून आणतोय, दोन आणतोय. हमालांच्या हाती लागण्याआधी ते सुटं करावं लागेल, कंडेन्सर वेगळे, वरचा भाग वेगळा. एकट्याचं काम नाही ते. तुझ्याशिवाय मला जमणार नाही. कुठली तार कुठून नेलीय हे तुलाच माहीत, मी विसरलोय.

वीज तोडायची. वहिनींनी काठी लावायची. काटा शून्यावर आला की तू काही करू नकोस, नुसता जवळ उभा राहा.

आधी मी हात घालीन. मग तू.

वासू